अशक्तपणा, मान आणि वय : तीन पत्रं, तीन उत्तरं

यावेळी बरीच पत्रं आली, त्यातली तीन निवडलीत. तिन्ही घरांत त्रासाचं कारण तपासणीआधीच ठरून गेलेलं, म्हणून ती एकत्र घेतेय.

प्रश्न : मॅडम, वय ३८, कराडजवळ राहते. वर्षभर खूप दमायला होतं, एक जिना चढला तरी छाती धडधडते आणि केसही मूठभर गळतात. सगळे म्हणतात अशक्तपणा आहे, टॉनिक घे, बीट खा. टॉनिकच्या तीन बाटल्या संपल्या. अजून एक, हे घरात कुणाला माहीत नाही, मला कच्चे तांदूळ खावेसे वाटतात, डब्यातून येता जाता मूठ तोंडात टाकते आणि मुलीची पाटीवरची पेन्सिल पण खाते. हे मनाचं काही आहे का? पाळी आठ-नऊ दिवस जाते पण ती पहिल्यापासून तशीच आहे.

उत्तर : ताई, तुम्ही हे लिहिलंत ते फार बरं केलंत, कारण तांदूळ आणि पेन्सिलवाली ओळच सगळ्यात कामाची आहे. मनाचं काही नाही हो. शरीरातलं लोह खूप कमी झालं की कच्चे तांदूळ, खडू, भाजलेली माती, बर्फ असलं काहीतरी खायची ओढ लागते, याला पायका म्हणतात. कितीतरी बायका हे लपवून करतात आणि डॉक्टरही विचारत नाहीत, म्हणून मी प्रत्येकीला मुद्दाम विचारते. लोह मिळायला लागलं की बऱ्याच जणींची ही ओढ हिमोग्लोबिन वाढायच्या आधीच जाते.

दम लागणं, धडधड, केस गळणं हे सगळं त्याच धाग्यातलं असू शकतं. रक्तात ऑक्सिजन वाहून न्यायला हिमोग्लोबिन लागतं आणि ते बनायला लोह. ते कमी पडलं की हृदयाला जास्त जोरात पळावं लागतं, म्हणून जिन्यावर छाती धडधडते. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की ॲनिमिया, म्हणजे रक्त कमी असणं, धरतात, गरोदर असेल तर ११. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना ॲनिमिया निघाला, म्हणजे तुमच्या गल्लीत तुम्ही एकट्या नाही, आणि सगळ्यांनाच आहे म्हणून ते नॉर्मलही होत नाही!

आता काय करायचं, तर सीबीसी (हिमोग्लोबिन आणि रक्तपेशींची तपासणी) आणि फेरिटिन या दोन तपासण्या करून घ्या. फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. हिमोग्लोबिन ठीक दिसूनही साठा रिकामा असू शकतो, म्हणून नुसत्या हिमोग्लोबिनवर थांबू नका. तुमच्या वयात थायरॉईडची टीएसएच पण सोबत करून टाका, दमणूक आणि केस गळणं त्यातही असतं आणि पाळीही त्याने बिघडते.

लोह कमी निघालं तर बीटाने भागणार नाही. बीट आणि डाळिंब लाल असतात म्हणून रक्त वाढवतात हा समज इतका पक्का बसलाय, पण लोह त्यात अगदी थोडं असतं. बाजरी, अळीव, मटकी, हरभरा खा, वर लिंबू पिळा, मांसाहार करत असाल तर कलेजी, मटण. तरीही एकदा साठा संपला की जेवणाने भरून यायला फार वेळ लागतो, गोळ्या लागतातच. गोळी चहासोबत किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत घेऊ नका, दोन्हींमुळे लोह नीट शोषलं जात नाही, जेवणानंतरचा चहा पण तासभर पुढे ढकला. शौचाला काळी होते, घाबरू नका. पोटात फारच कळ येत असेल तर डॉक्टरांना विचारून एक दिवसाआड घ्या पण सोडू नका, आणि हिमोग्लोबिन नॉर्मल आलं तरी साठा भरायला पुढे साधारण तीन महिने चालू ठेवावी लागते. इथेच बहुतेक जणी थांबतात आणि वर्षभरात परत तिथेच येतात.

पाळीचं तुम्ही शेवटी सहज लिहिलंय पण बहुतेक मूळ तिथेच आहे. सात दिवसांपेक्षा जास्त जाणं, तासा-दोन तासाला पॅड बदलावं लागणं, मोठ्या गाठी पडणं, हे पहिल्यापासून असलं तरी जास्तच आहे. सोनोग्राफी करून गर्भाशयात फायब्रॉईडची गाठ वगैरे आहे का ते बघून घ्या, नाहीतर वरून ओतत राहायचं आणि खालून गळत राहायचं. उलट फेरिटिन चांगलं आणि रक्तपेशी मात्र लहान असं रिपोर्टात आलं तर थॅलेसेमिया मायनर या आईवडिलांकडून येणाऱ्या रक्तदोषाची तपासणी करा, त्यात उगाच लोहाच्या गोळ्या खायच्या नसतात. आणि बसल्या जागी दम लागला, छातीत दुखलं किंवा चक्कर येऊन पडलात तर रिपोर्टची वाट बघत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

प्रश्न : सासरे ६६ वर्षांचे. पहाटे कूस बदलली की घर गरगर फिरतं, मळमळतं, थोड्या वेळात थांबतं. माळ्यावरचं काही काढायला वर बघितलं तरी तेच. मानेच्या एक्सरेत मणक्याची झीज निघाली म्हणून पट्टा लावलाय आणि चक्करेची गोळी चार महिने चालू आहे, फरक नाही.

उत्तर : साठीनंतर मानेचा एक्सरे काढला की झीज बहुतेक सगळ्यांचीच दिसते, त्यावरून चक्कर मानेची ठरत नाही. तुम्ही सांगताय ते वर्णन आतल्या कानाचं वाटतंय. कानात तोल सांभाळणाऱ्या भागात कॅल्शियमचे बारीक कण असतात, ते जागेवरून सुटून शेजारच्या अर्धगोल नळीत शिरले की डोकं हलवल्यावर मेंदूला चुकीचा संदेश जातो आणि घर फिरतं, तेही बहुतेक वेळा मिनिटाच्या आत थांबतं. याचं नाव बीपीपीव्ही.

कान-नाक-घसावाल्यांकडे न्या, ते पलंगावर झटकन आडवं करून डोळ्यांची थरथर बघतात, तिथेच निदान होतं आणि मग डोकं ठरावीक क्रमाने वळवून कण परत जागी आणतात. या पद्धतीला एप्ली म्हणतात, पाच-दहा मिनिटांचं काम, बऱ्याच जणांना एक-दोनदा केल्यावर सुटका होते. गोळीने कण जागेवर जात नाहीत. उलट सिनारिझिन किंवा प्रोक्लोरपेराझिन या चक्करेच्या गोळ्या म्हाताऱ्या माणसांना महिनोन्‌महिने दिली तर हात थरथरणं, चालणं मंदावणं असा कंपवातासारखा त्रास सुरू होऊ शकतो, म्हणून पाकिटावरचं नाव आजच वाचा आणि डॉक्टरांना दाखवा.

पण चक्करेसोबत बोबडी वळली, तोंड वाकडं झालं, एकाला दोन दिसायला लागले किंवा चालताच येईना तर तो कान नव्हे, पक्षाघात असू शकतो. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासातच देता येतं, तेव्हा थेट सीटी स्कॅन असलेलं मोठं हॉस्पिटल.

प्रश्न : वय ५७, नाशिक. शाकाहारी. दहा वर्षं शुगरची मेटफॉर्मिन आणि रोज सकाळी पित्ताची गोळी. तळपायाला मुंग्या येतात, रात्री जास्त. शुगर कंट्रोलमध्ये आहे तरी सगळे म्हणतात शुगरचंच, वयाप्रमाणे होणार.

उत्तर : काका, शुगरने होतंच, पण रक्तातलं बी१२ जीवनसत्त्व बघितल्याशिवाय तसं म्हणू नये. शाकाहारात बी१२ फक्त दूध-दह्यातून मिळतं, मेटफॉर्मिनने आणि पित्ताच्या गोळीनेही त्याचं शोषण कमी होतं, तुमच्याकडे तर तिन्ही कारणं आहेत. जीभ गुळगुळीत लाल होणं, तोंड येणं, विसरायला होणं हेही बघा. रिपोर्ट कमी आला तर बहुतेक इंजेक्शनपासून सुरुवात करतील. लवकर सुरू केलं तर नसा सावरतात, उशीर झाला तर सगळं भरून येत नाही. तपासणीआधी स्वतःच्या मनाने फॉलिक ॲसिड घेऊ नका, त्याने रक्त सुधारलेलं दिसतं आणि नसांचं नुकसान आत चालूच राहतं. मेटफॉर्मिन मात्र बंद करू नका. पित्ताची गोळी कशासाठी सुरू झाली होती आणि अजून लागते का, हे पुढच्या भेटीत डॉक्टरांना नक्की विचारा. आणि तोपर्यंत अनवाणी फिरू नका, पायाला लागलेलं कळत नाही, रोज रात्री तळवे उजेडात बघत जा.