रक्तपेशींना रंग कोण देतं?

मानवी शरीराच्या विज्ञानावरचे माहितीपट पाहून वाचकांनी बरेच प्रश्न पाठवले. एकाच मुद्द्याभोवतीचे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरं देत आहोत.

प्रश्न : माहितीपटात लालभडक, बशीसारख्या रक्तपेशी इतक्या ठसठशीत दिसतात की हात लावून पाहावंसं वाटतं. हे खरं चित्रण असतं की संगणकावर काढलेलं?

उत्तर : दृश्य स्थिर असेल तर बहुधा ते स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातलं असतं. त्यासाठी पेशींचा नमुना रसायनात घट्ट करतात, त्यातलं पाणी काढून पूर्ण सुकवतात, वर सोन्यासारख्या धातूचा अतिशय पातळ थर चढवतात आणि निर्वातात ठेवून त्यावरून इलेक्ट्रॉनांचा झोत फिरवतात. पेशी तोवर केव्हाच मेलेली असते. हाती येणारं चित्र कृष्णधवल असतं. लाल, निळा, जांभळा हे सगळं मागाहून माणसाने भरलेलं. म्हणूनच एकाच जातीची पांढरी पेशी एका माहितीपटात पिवळी असते आणि दुसऱ्यात हिरवी.

पेशी हलू लागल्या, कॅमेऱ्याच्या अंगावर धावून येऊ लागल्या, की ते अ‍ॅनिमेशन समजा. निर्वातात सुकवलेली पेशी पोहत नाही. अ‍ॅनिमेशनमध्ये रंगापेक्षा गर्दीची चूक मोठी असते. रक्तवाहिनी प्रशस्त बोगद्यासारखी दाखवतात आणि त्यातून चार-दोन पेशी निवांत तरंगत जातात. प्रत्यक्षात रक्ताच्या आकारमानाचा ४० ते ४५ टक्के भाग पेशींनीच व्यापलेला असतो. त्यात कॅमेरा ठेवलाच, तर लाल पडद्याशिवाय काही दिसणार नाही. डॉक्टर रक्तवाहिनीत दुर्बीण घालतात तेव्हाही सलाइन सोडून रक्त बाजूला सारावं लागतं, आणि भिंत दिसते ती तेवढ्यापुरतीच.

वाहतं, जिवंत रक्त पाहायचं असेल तर नखाच्या मुळाशी जावं लागतं. तिथल्या कातडीवर तेलाचा थेंब टाकून साधारण २०० पट मोठं करणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली बोट धरलं, की केसांच्या आकड्यासारख्या केशवाहिन्या दिसतात आणि त्यांतून रक्तपेशींची रांग सरकताना दिसते. केशवाहिनीचा व्यास ५ ते १० मायक्रोमीटर (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि तांबडी पेशी ७ ते ८ मायक्रोमीटरची, त्यामुळे अरुंद जागी पेशी अंग दुमडून पुढे जाते. हे चित्रण फिकट आणि जरा धूसर असतं, पण आमच्या मते विश्वास ठेवावा तो यावरच. आणखी एक गंमत : एकटी तांबडी पेशी साध्या सूक्ष्मदर्शकात पिवळसर दिसते. पेशींचे थरावर थर आले की मगच लाली चढते.

प्रश्न : आतड्याच्या आतून प्रवास केल्यासारखं दृश्य असतं. तिथे उजेड आणि एवढी मोकळी जागा कुठून येते?

उत्तर : दोन्ही बाहेरून आणलेली असतात. दुर्बिणीच्या टोकाला दिवा असतो आणि तिच्यातूनच हवा किंवा कार्बन डायऑक्साइड सोडून आतडं फुगवतात. एरवी आतड्याच्या भिंती एकमेकींना चिकटल्यासारख्या असतात, रिकाम्या पिशवीसारख्या. शिवाय आदल्या दिवशी जुलाबाचं औषध देऊन आतडं धुऊन काढलेलं असतं. पडद्यावर दिसतो तो गुलाबी, चकचकीत बोगदा म्हणजे पाहुण्यांसाठी आवरलेलं घर!

गिळायच्या कॅप्सूल-कॅमेऱ्याचं चित्रण वेगळं ओळखू येतं. पहिली अशी कॅप्सूल २००१ मध्ये रुग्णांसाठी वापरात आली. लांबी २६ मिलिमीटर, जाडी ११ मिलिमीटर. ती हवा सोडत नाही, त्यामुळे भिंत थेट भिंगाला टेकलेली दिसते, मध्येच पित्ताचा हिरवट-पिवळा द्रव आणि बुडबुडे येतात. सुरुवातीच्या कॅप्सूल सेकंदाला २ चित्रं घेत. आठ तासांत ५७,६०० होतात. चलच्चित्राला सेकंदाला २४-२५ चित्रं लागतात, म्हणून माहितीपटातला सुळसुळीत प्रवास एकतर बराच वेगवान केलेला असतो किंवा तो या कॅमेऱ्याचा नसतोच. कॅप्सूलला स्वतःची गती नसते. आतड्याच्या आकुंचनाच्या लाटा तिला ढकलतात आणि आतडं कुठे अरुंद झालेलं असेल तर ती अडकते. ती बाहेर पडल्याची खात्री होईपर्यंत एमआरआय करत नाहीत.

प्रश्न : हे सगळे आवाज – सळसळ, गडगड, स्फोट?

उत्तर : सूक्ष्मदर्शकाला कान नसतात. पेशींचे सगळे आवाज ध्वनिमुद्रणाच्या खोलीत तयार होतात. हृदयाचा ‘लब-डब’ मात्र खरा असू शकतो. तो झडपा बंद होण्याचा आवाज आहे आणि छातीवर माइक लावून तो नोंदता येतो.

प्रश्न : गर्भाशयातलं बाळ अंगठा चोखतानाची स्वच्छ, रंगीत चित्रं कशी काढतात?

उत्तर : या प्रकारची सर्वांत गाजलेली चित्रं स्वीडिश छायाचित्रकार लेनार्ट निल्सन यांची. ती ‘लाइफ’ साप्ताहिकात ३० एप्रिल १९६५ च्या अंकात आली. त्यांतली बहुतेक चित्रं शस्त्रक्रियेने गर्भाशयाबाहेर काढलेल्या गर्भांची होती आणि बाहेर काढल्यावरच त्यांच्यावर प्रकाशयोजना करता आली. आज माहितीपटात असं दृश्य दिसलं तर ते बहुधा संगणकावर घडवलेलं असतं. हलणाऱ्या गर्भाचं प्रत्यक्ष चित्रण सोनोग्राफीतून मिळतं. त्यातला सोनेरी, मेणासारखा रंग यंत्राने दिलेला असतो. ध्वनिलहरी आकार सांगतात, कातडीचा रंग सांगत नाहीत.

प्रश्न : मेंदूचा एखादा भाग पेटल्यासारखा लाल-पिवळा होतो. म्हणजे बाकीचा मेंदू त्या वेळी बंद असतो का?

उत्तर : मुळीच नाही. मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण विसावलेल्या शरीराच्या ऊर्जेतला सुमारे २० टक्के वाटा तो खातो. झोपेतही तो बंद पडत नाही. फंक्शनल एमआरआयमध्ये रक्तातल्या प्राणवायूच्या प्रमाणात होणारा किंचित बदल मोजतात. व्यक्तीला एक काम देतात, मग दुसरं, आणि दोन्ही वेळच्या नोंदींची वजाबाकी करतात. ज्या ठिकाणचा फरक संख्याशास्त्राच्या ठरवलेल्या रेषेवर गेला, तिथे रंग भरतात. बाकी मेंदू करडा दिसतो, कारण तिथला फरक त्या रेषेखाली राहिला. शिवाय रक्तप्रवाहातला हा बदल शिखरावर पोहोचायला ५-६ सेकंद लागतात. ‘विचार आला आणि इथे ठिणगी पडली’ असं एकाच क्षणी दाखवणं ही संकलकाची करामत.

ती रेषा सैल ठेवली तर काय होतं, याचं उदाहरण २००९ मध्ये मेलेल्या सामन माशाने दिलं. त्याला यंत्रात ठेवून माणसांची छायाचित्रं ‘दाखवली’. हजारो ठिकाणांच्या तुलना एकदम करताना जी दुरुस्ती करायची असते ती टाळली, आणि मेलेल्या माशाच्या मेंदूतही रंगीत ठिपके उमटले.

प्रश्न : ‘शरीरातल्या रक्तवाहिन्या एकापुढे एक जोडल्या तर १ लाख किलोमीटर होतील’ हे वाक्य जवळपास प्रत्येक माहितीपटात असतं. बरोबर आहे का?

उत्तर : या आकड्याचा माग डेन्मार्कचे शरीरशास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोग यांच्यापर्यंत जातो. १९२० च्या दशकात त्यांनी केशवाहिन्यांचा हिशेब मांडताना ५० किलो स्नायू असलेला माणूस गृहीत धरला. एवढे स्नायू सर्वसाधारण माणसाला नसतात, आणि केशवाहिन्यांची दाटीही त्यांनी जास्त धरली होती. २०२१ मध्ये झालेल्या फेरहिशेबात हा आकडा ९,००० ते १९,००० किलोमीटर आला. ‘शरीरात आपल्या पेशींच्या दहापट जिवाणू असतात’ या वाक्याचंही तेच. २०१६ च्या मोजदादीत सुमारे ३० लाख कोटी पेशी आणि ३८ लाख कोटी जिवाणू, म्हणजे जवळजवळ बरोबरी निघाली. माहितीपट जुना असेल तर असे आकडे वहीत उतरवण्याआधी निर्मितीचं वर्ष पाहा.

काही आकडे घरीच तपासता येतात. मिनिटाला ७० ठोके आणि दर ठोक्याला ७० मिलिलिटर रक्त धरा : दिवसाला १,००,८०० ठोके आणि सुमारे ७,००० लिटर. हा दावा टिकतो.

प्रश्न : शस्त्रक्रियेचं दृश्य आलं की मला घेरी येते. वैद्यकीय शाखेकडे जायचं आहे. काय करावं?

उत्तर : तुमची हिंमत कमी आहे असं समजू नका. इतर भीतीत रक्तदाब चढलेला राहतो. रक्त किंवा जखम पाहून येणाऱ्या भीतीत तो आधी चढतो आणि मग एकदम कोसळतो, म्हणून शुद्ध हरपते. त्यामुळे ‘दीर्घ श्वास घ्या, अंग सैल सोडा’ हा नेहमीचा सल्ला इथे उलटा पडू शकतो. अंग ताठ करायचं. बसून हात, पाय आणि पोटाचे स्नायू आवळा, चेहरा गरम वाटेपर्यंत, म्हणजे १० ते १५ सेकंद. मग २० ते ३० सेकंद सोडा, पण पूर्ण ढिले पडू नका. असं पाच वेळा. आधी पडद्याशिवाय आठवडाभर सराव करा, मग छोट्या दृश्यापासून सुरुवात करा. घाम फुटला, कान बंद झाल्यासारखे वाटले, तर तिथेच आडवं होऊन पाय उंच ठेवा. तोंड धुवायला एकट्याने उठून जाणं ही नेहमीची चूक. पडून डोकं फुटतं ते वाटेत. इतर वेळीही चक्कर येत असेल तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : शाळेच्या छोट्या माहितीपटासाठी खऱ्या मानवी पेशी मोबाइलवर टिपायच्या आहेत. सोपा मार्ग सांगा.

उत्तर : गालाच्या आतल्या पेशी घ्या. रक्त नको, संसर्गाचा धोका उगाच कशाला! स्वच्छ कापसाची काडी गालाच्या आतून हलकेच फिरवा आणि काचपट्टीच्या मधोमध पातळ लेप द्या. वाळू द्या. मेथिलिन ब्लूचा १ टक्क्याचा किंवा त्याहून पातळ द्रावणाचा एक थेंब टाका, मिनिटभर थांबा आणि कव्हरस्लिप (झाकणाची पातळ काच) एका कडेने तिरकी टेकवत सोडा. जास्तीचा रंग कडेला टिपकागद लावून शोषून घ्या. काड्या जंतुनाशकात बुडवूनच टाका, आणि प्रत्येकाने आपलीच काडी हाताळावी.

बिघडतं ते बहुधा तीन ठिकाणी. लेप जाड झाला की पेशींचे ढीग दिसतात. रंग जास्त झाला की केंद्रक हरवतं. आणि जाड काळ्या कडेची गोल वर्तुळं पाहून मुलं ‘पेशी सापडली!’ म्हणून ओरडतात, ते हवेचे बुडबुडे असतात. खरी पेशी चपटी, वेड्यावाकड्या कडेची, मध्ये गडद निळा ठिपका. तिच्यावरचे बारीक ठिपके-काड्या म्हणजे तोंडातले जिवाणू, तेही टिपा.

आधी १० पट वस्तुभिंगावर (काचपट्टीजवळचं भिंग) पेशी शोधा, मग ४० पटवर जा. मोबाइल नेत्रिकेच्या (डोळा लावायच्या भिंगाच्या) वर सुमारे १ सेंटिमीटरवर धरा. पुठ्ठ्याची नळी करून टेकवला तर हलत नाही. फोकस आणि उजेड दोन्ही लॉक करा, नाहीतर मोबाइल सारखा बदलत राहतो. पेशी सरकताना दिसल्या तर ते कव्हरस्लिपखालचं पाणी वाहतंय. या पेशी स्वतः हलत नाहीत, म्हणून तिथे व्हिडिओपेक्षा छायाचित्र बरं.

मापाची रेघ मात्र विसरू नका. मोबाइलचा झूम न बदलता १० पट भिंगाखाली पारदर्शक पट्टीचे मिलिमीटर टिपा. ४० पटच्या चित्रात तेच १ मिलिमीटर चौपट लांब धरा. ते थेट ४० पटवर टिपता येत नाही, कारण त्या भिंगाखाली दिसणारं वर्तुळच जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं असतं आणि पट्टीची पुढची रेघ त्यात मावत नाही. त्या चौपट लांबीचा विसावा भाग म्हणजे ५० मायक्रोमीटर. तेवढी रेघ चित्राच्या कोपऱ्यात काढा. गालाची पेशी तिच्याहून थोडी मोठी यायला हवी. दहापट मोठी आली, तर हिशेबात शून्य चुकलं आहे.