गुडघा पाझरतोय, हॉस्पिटल विहिरीकडे बोट दाखवतंय

प्रश्न: देवगडला आमची हापूसची कलमं आहेत. शिडीवरून पडून गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. सव्वा वर्षापूर्वी घाटावरच्या एका हॉस्पिटलात दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, 1 लाख 40 हजार भरले. टाके सुकले, पण दीड महिन्याने गुडघा सुजून पाझरू लागला. टीबी म्हणून पाच महिने गोळ्या दिल्या. शेवटी मुंबईच्या लॅबमध्ये ‘मायकोबॅक्टेरियम ॲब्सेसस’ निघाला. हॉस्पिटल म्हणतं, तुमच्या विहिरीच्या पाण्याने झालं. केस होईल का?

उत्तर: होईल. पण नुसतं इन्फेक्शन झालं म्हणून निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. विहिरीची गोष्टही हसण्यावारी नेऊ नका; हा जंतू पाण्या-मातीतलाच. मात्र तो नळाच्या पाण्यातही असतो. दुर्बिणीची अवजारं औषधात नीट न बुडवता नळाखाली धुतली, तर तिथून थेट सांध्यात. टाके भरल्यावर आठवड्यांनी डोकं वर काढायची त्याची रीतच आहे. तेव्हा त्या दिवशी अवजारं कशी निर्जंतुक केली, ती नोंदवही हवी.

केसपेपर, ऑपरेशन नोट्स, सगळे रिपोर्ट लेखी मागा. 72 तासांत देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. नोंदवही मात्र तुमच्या केसपेपरात येत नाही, हॉस्पिटल नाही म्हणेल. ती हजर करायचा आदेश जिल्हा ग्राहक आयोगाकडून मिळवता येतो.

मला विचाराल तर टीबीच्या गोळ्यांचा मुद्दा जास्त भक्कम. स्लाइडवर दोन्ही जंतू सारखेच दिसतात, त्यामुळे सुरुवातीची चूक माफ होईल. पण गुडघा पाझरत असताना पाच महिने कल्चर, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून ओळखायची तपासणी, का केलं नाही? याचं उत्तर त्यांना द्यावं लागेल, आणि तुमच्या बाजूने ते सांगायला एखादा अस्थिरोगतज्ज्ञ लागेल. तो मिळवणंच सगळ्यात जड. डॉक्टर डॉक्टरविरुद्ध सहसा लिहून देत नाहीत.

संमतीपत्रावरच्या सहीने घाबरू नका, ती निष्काळजीपणाला दिलेली संमती नव्हे. पोलीस ठाण्यातही जाऊ नका. सुप्रीम कोर्टाच्या 2005 च्या जेकब मॅथ्यू निकालानंतर फौजदारीला फार ढोबळ हलगर्जी लागते.

2019 च्या ग्राहक कायद्यानुसार तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे सिंधुदुर्गात, ओरोसला. घाट चढायची गरज नाही. पाच लाखांपर्यंतच्या बिलाला फी नाही. मुदत दोन वर्षं. ती रिपोर्ट हाती आल्यापासून मोजावी असा युक्तिवाद करता येईल, पण आपण ऑपरेशनच्या तारखेपासूनच मोजू: नऊ महिने उरलेत. आंब्याच्या गडबडीत ते जातील.

आणि आजच मुंबईच्या लॅबला फोन करून तुमचं कल्चर, म्हणजे तो वाढवलेला जंतू, टाकून देऊ नका म्हणून सांगा, लगोलग तसं पत्रही पाठवा. त्याच थिएटरमधल्या दुसऱ्या रुग्णात हाच जंतू निघाला, तर दोन्ही ताडून बघता येतील.