भर समुद्रात मदतीला कोण येते?

प्रश्न : माझा भाचा मित्रांसोबत शिडाच्या नौकेने मुंबईहून गोव्याला जाणार आहे. आम्हा खानदेशवासीयांचे पाणी म्हणजे तापी नाहीतर हतनूरचे धरण. समुद्राचा अनुभव घरात कोणालाच नसल्याने माझी बहीण काळजीत आहे. नौदलाचे अभिलाष टॉमी यांना भर समुद्रातून अनपेक्षितपणे वाचवल्याचे वाचले होते. अशी मदत कोण करते, ती नशिबाची गोष्ट असते का, आणि खर्च कोणावर पडतो?
— एक वाचक, चोपडा (जि. जळगाव)

उत्तर : आपल्या बहिणीची काळजी रास्त आहे. टॉमी यांचाच प्रसंग पाहू. २१ सप्टेंबर २०१८ रोजी, गोल्डन ग्लोब शर्यतीत एकट्याने जगप्रदक्षिणा करीत असताना, पर्थपासून सुमारे १,९०० सागरी मैलांवर वादळात त्यांची ‘थुरिया’ उलटली, डोलकाठी मोडली आणि पाठीला जबर मार लागल्याने त्यांना उठताही येईना. तशाही अवस्थेत त्यांनी उपग्रहामार्फत संदेश धाडला. ऑस्ट्रेलियाच्या बचाव केंद्राने सूत्रे हाती घेतली, भारतीय नौदलाच्या विमानाने नौका हेरली, आणि २४ तारखेला प्रत्यक्ष पोहोचले ते ‘ओसिरिस’ हे मासेमारीवर देखरेख ठेवणारे फ्रान्सचे गस्ती जहाज. त्यावरील माणसांनी रबरी होडीतून ‘थुरिया’ गाठली आणि टॉमी यांना स्ट्रेचरवरून हलवले. नौका मात्र तिथेच सोडावी लागली. (पुढे त्यांना मायदेशी आणणारी युद्धनौका ‘आयएनएस सातपुडा’ होती, हे चोपड्याच्या वाचकाला आवर्जून सांगावेसे वाटते.)

कोणते जहाज जवळ असेल, हा योगायोग. पण त्याने वाट वाकडी करून येणे हा योगायोग नव्हे. संकटातील माणसाला मदत करणे हे आंतरराष्ट्रीय सागरी कायद्याने प्रत्येक कप्तानाचे कर्तव्य आहे, आणि वाचवलेल्या माणसाकडून त्याच्या जिवाचा मोबदला मागता येत नाही. नौका ओढून आणायची झाल्यास तिचे पैसे वेगळे.

हाक मात्र ऐकू गेली पाहिजे. म्हणून नौकेवर ‘ईपर्ब’ हे संकेतयंत्र आहे का, हे भाच्याने निघण्यापूर्वी स्वतः डोळ्यांनी पाहावे. त्याचा संकेत उपग्रहामार्फत इस्रोच्या बेंगळुरू येथील केंद्राला आणि तेथून तटरक्षक दलाच्या बचाव केंद्राला मिळतो. परंतु यंत्राची नोंदणी झालेली नसेल, तर नौका कोणाची आणि चौकशी कोणाकडे करायची हे शोधण्यातच मोलाचा वेळ जातो. जवळच्या जहाजांसाठी व्हीएचएफ वायरलेसचे १६ क्रमांकाचे चॅनेल असते.

नौका तरंगत असेपर्यंत ती सोडू नये, हे तर त्याला पुन्हा पुन्हा बजावावे. १९७९ च्या फास्टनेट शर्यतीतील वादळात खलाशांनी २४ नौका सोडल्या, पण त्यांपैकी बुडाल्या पाचच. आणि जीवरक्षक तराफ्यांत उतरलेल्यांपैकी काहींना मात्र प्राण गमवावे लागले.

आपल्या बहिणीने नौकेचे नाव, रंग, माणसांची संख्या, मार्ग आणि पोहोचण्याची वेळ कागदावर लिहून घ्यावी. ठरल्या वेळी नौका पोहोचली नाही आणि संपर्कही होत नसेल, तर सकाळची वाट न पाहता तटरक्षक दलाला १५५४ या क्रमांकावर तो कागद वाचून दाखवावा.