आधी मीटरपेटी बघ

गंगापूर रोड, नाशिक

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

पाथर्डी फाट्याची आठ फ्लॅटची बिल्डिंग तुझ्या मनात भरलीय, हे आईकडून आधीच कळलं होतं. दोन कोटी किंमत, एक कोटी कर्ज, 96,000 भाडं, 90,000 हप्ता. "महिन्याला सहा हजार सुटतात, काका," असं लिहिलंस. ते सहा हजार विकणाऱ्याच्या वहीत सुटतात.

वर्षाचं भाडं 11,52,000. प्रत्येक फ्लॅट वर्षातून एक महिना रिकामा धर. अंबड-सातपूरच्या कंपन्यांतली पोरं नोकरी बदलली की खोली सोडतात. राहिले 10,56,000. त्यातून घरपट्टी, वॉचमन, लिफ्टची देखभाल, जिन्यातले दिवे, पंपाचं बिल, टाकी धुणं, दलाली, गळती, रंग. मी 2,46,000 धरतो, तू पावत्या मागून ताडून बघ. उरले 8,10,000, म्हणजे महिन्याला 67,500. हप्त्याचे उरलेले साडेबावीस हजार तुझ्या पगारातून.

दोन कोटींवर हे जेमतेम 4 टक्के पडतात आणि कर्ज तू 9 टक्क्यांनी काढतोयस. एजंट 2027 च्या कुंभमेळ्याचं नाव घेईल, भाव चढतील म्हणेल. चढोत बापडे. चढलेल्या भावातून दर महिन्याचा हप्ता जात नाही. 20 वर्षांच्या मुदतीत ही बिल्डिंग फार तर 75 लाखांचं कर्ज ओढेल, तेही लिफ्टची मोटर जळली नाही तर.

डिपॉझिट उत्पन्नात धरू नकोस, ते परत द्यायचं देणं आहे. करारनामे नोंदणी केलेलेच बघ. आयकरात घरपट्टी वजा जाता 30 टक्के सरसकट वजावट मिळते, ते सीएकडून बसवून घे.

इंदिरानगरात मी पहिली बिल्डिंग घेतली तेव्हा यादीत सगळे फ्लॅट भरलेले होते. खरेदीखतानंतर महिन्याभरात दोन बिऱ्हाडं निघून गेली; विकणाऱ्याचेच पाहुणे निघाले. तेव्हापासून मी आधी जिन्याखालच्या मीटरपेटीशी जातो. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. चार माणसांच्या घरात महिन्याला 10-12 युनिट जळत असतील, तर तिथे कोण राहतं ते तूच ओळख.

आठही फ्लॅटची बिलं माग. मिळाली तर शनिवारी घेऊन ये. टाळाटाळ झाली तर रिकाम्या हाताने ये, काकू मिसळ करणार आहे.

तुझा,
काका