घोड्याचा पोटशूळ : डॉक्टर पोहोचेपर्यंतचे दोन तास

प्रश्न : माझी बारा वर्षांची घोडी एका संध्याकाळी अचानक पुढच्या पायाने जमीन उकरू लागली, वारंवार मान वळवून कुशीकडे पाहू लागली आणि चंदीला तिने तोंडही लावले नाही. थोड्या वेळाने ती घामाने भिजली व लोळू लागली. डॉक्टर यायला दोन तास लागणार होते. तोवर मोतद्दाराच्या सांगण्यावरून आम्ही तिला न थांबता चालवले आणि एका अनुभवी शेजाऱ्याच्या सल्ल्याने बाटलीने तेल पाजले. घरात मागच्या आजारपणातले वेदनाशामक इंजेक्शनही होते, पण ते देण्याचा धीर झाला नाही. घोडी सकाळपर्यंत बरी झाली. आम्ही केले ते योग्य होते का?

उत्तर : घोडी बरी झाली याचा आनंद आहे, परंतु ती तेलाने किंवा चालवण्याने बरी झाली असे मला म्हणता येणार नाही. बहुधा आतड्यात वायू धरला असावा किंवा आतडे आखडले असावे, आणि असा शूळ पुष्कळदा आपोआप किंवा डॉक्टरांच्या एका इंजेक्शनाने शमतो. मात्र पोटशूळ हे केवळ लक्षणाचे नाव आहे. साधा वायू, मोठ्या आतड्याच्या अरुंद वळणावर अडकलेला कोरडा चारा, पोटात साठलेली वाळू आणि रक्तपुरवठा तोडणारा आतड्याचा पीळ, या सगळ्यांत घोडा सुरुवातीला जवळजवळ सारखाच वागतो. यांपैकी नेमके काय झाले आहे हे तबेल्यात उभ्या असलेल्या माणसाला कळत नाही, म्हणून त्या दोन तासांत उपचार करू नये. निरीक्षण करावे आणि ते लिहून ठेवावे.

आधी तेलाविषयी, कारण तुम्ही घेतलेला सर्वांत मोठा धोका तोच होता. घोड्याचे जठर त्याच्या देहाच्या मानाने लहान, साधारण 8 ते 15 लिटरचे असते आणि अन्ननलिका जठराला मिळते तेथील स्नायू इतका घट्ट असतो की घोड्याला उलटी करता येत नाही. पुढचा मार्ग बंद झाला की द्रव जठरात साठत जातो आणि क्वचित जठर फुटतेही; अशा तुंबलेल्या जठरात आपण आणखी एक बाटली ओततो. त्याहून वाईट म्हणजे, मान वर धरून पाजलेले तेल श्वासनलिकेत उतरू शकते. औषधी पॅराफिन तेल तर इतके बेचव व गुळगुळीत असते की ते चुकीच्या वाटेने गेले तरी घोडा खोकेलच असे नाही, आणि मग शूळ बरा होऊन घोडा न्यूमोनियाने जाण्याची वेळ येते. डॉक्टरही तेल देतात; पण ते नाकपुडीतून जठरापर्यंत नळी घालतात आणि त्या नळीतून आधी काही बाहेर येते का ते पाहतात. तुंबलेला द्रव बाहेर आला, तर तो काढून टाकतात आणि तेल देतच नाहीत.

इंजेक्शन न देण्याचा तुमचा निर्णय योग्य होता. वेदनाशामकाने पीळ सुटत नाही, फक्त तो दिसेनासा होतो, आणि शस्त्रक्रियेने वाचवता येणाऱ्या घोड्याचे मोलाचे तास त्या खोट्या शांततेत जातात. शिवाय फ्लुनिक्सिनसारखे औषध शिरेऐवजी स्नायूत टोचल्यास तेथे क्वचित जिवावर बेतणारा जंतुसंसर्ग होतो. कोणी आधीच काही टोचले असेल, तर औषधाचे नाव, मात्रा आणि वेळ डॉक्टरांना न लाजता सांगावी.

आता काय पाहायचे ते सांगतो. चंदी व वैरण गव्हाणीतून काढून घ्यावी; पाणी ठेवावे, मात्र नाकातून हिरवट द्रव येत असल्यास तेही काढावे. मग नाडी मोजावी. जबड्याच्या हाडाच्या आतल्या कडेवरून जाणारी धमनी बोटांना लागते, किंवा डाव्या कोपराच्या मागे स्टेथोस्कोप लावता येतो. स्टेथोस्कोपमध्ये प्रत्येक ठोक्याचे दोन आवाज येतात, ते मिळून एकच ठोका धरावा. अन्यथा 40 चे 80 होतात आणि डॉक्टरांना उगाच घाम फुटतो. विश्रांतीत असलेल्या प्रौढ घोड्याची नाडी मिनिटाला 28 ते 44 असते. ती 60 च्या वर जाऊन तेथेच राहिली, तर प्रकरण गंभीर समजावे, मग घोडा वरकरणी शांत का दिसेना. ओठ उचलून हिरडी पाहावी: ती ओलसर व गुलाबी असावी आणि अंगठ्याने दाबून सोडल्यावर दोन सेकंदांच्या आत पुन्हा रंग भरावा. फिकट, विटकरी किंवा जांभळट हिरडी असेल, तर लगेच दुसरा फोन करावा. दोन्ही कुशींना कान लावून ऐकावे, पण लाथ बसणार नाही अशा बेताने. नेहमीपेक्षा जास्त गुरगुर ऐकू आली तर ती पूर्ण शांततेपेक्षा बरी. लीद शेवटची कधी टाकली आणि ती कशी होती, हेही लिहावे. ही सगळी टिपणे दर पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा घ्यावीत, कारण एका आकड्यापेक्षा आकडे कोणत्या दिशेने सरकत आहेत यावरून डॉक्टरांना अधिक कळते.

एक सूचना आणखी. तीव्र वेदनेत असलेला घोडा एकाएकी निमूट उभा राहिला, अंग गार पडले आणि नाडी मात्र वाढतच असेल, तर तो बरा झाला असे समजू नये. आतडे किंवा जठर फुटल्यावरही वेदना अशाच थांबतात.

प्रश्न : लोळल्यामुळे आतड्याला पीळ पडतो, म्हणून घोड्याला बसूच देऊ नये, असे आमच्याकडे सर्व जण सांगतात. ते खरे आहे का?

उत्तर : बहुतेक वेळा क्रम उलटा असतो: आतडे जागचे हलते, त्याची वेदना होते आणि म्हणून घोडा लोळतो. निरोगी घोडे रोज लोळतात आणि अंग झटकून उठतात. शूळ आलेला घोडा शांतपणे पडून असेल, तर त्याला पडू द्यावे. जोरजोरात लोळून तो भिंतीवर आदळत असेल, तर त्याला मोकळ्या, मऊ जागेत न्यावे आणि दहा-पंधरा मिनिटे सावकाश चालवावे. वायूच्या शूळात त्याचा उपयोगही होतो. रात्रभर चालवलेला घोडा मात्र दमतो, त्याच्या अंगातले पाणी कमी होते, आणि शस्त्रक्रियेची वेळ आलीच तर तिला तोंड देण्याची त्याची ताकद आपणच संपवलेली असते. घोडा अनावर झाला तर दोर सोडून बाजूला व्हावे. घाबरलेल्या घोड्याखाली माणूस सापडल्याची उदाहरणे कमी नाहीत.

प्रश्न : शूळ शमल्यावर नेहमीचा खुराक कधी सुरू करावा? आणि पुन्हा असे होऊ नये म्हणून काय करता येईल?

उत्तर : डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर आणि लीद पडू लागल्यावर आधी मूठ-दोन मूठ भिजवलेले गवत किंवा हिरवा चारा दर काही तासांनी द्यावा. चंदी सर्वांत शेवटी आणि थोडी थोडी वाढवत द्यावी. पहिला एक दिवस प्रत्येक लिदीकडे लक्ष ठेवावे.

पुन्हा होईल की नाही याची हमी कोणीही देऊ शकत नाही, पण कारण शोधता येते. गेल्या दोन आठवड्यांत खुराक बदलला होता का, हा पहिला प्रश्न. घोड्याच्या मोठ्या आतड्यातील सूक्ष्मजीव तंतुमय चारा आंबवून पचवतात आणि त्यांना नव्या खाद्याची सवय व्हायला वेळ लागतो, म्हणून कोणताही बदल आठवडा-दहा दिवसांत हळूहळू करावा. थंडीत घोडे पाणी कमी पितात आणि चारा आतड्यात कोरडा पडतो. तेव्हा कोमट पाणी दिल्यास ते अधिक पितात. दात वर्षातून एकदा तपासून घ्यावेत, कारण नीट न चावलेली वैरण पुढे अडकते. जंताचे औषध अंदाजाने न देता लीद तपासून द्यावे. वाळूची शंका असल्यास दोन-तीन गोळे लीद स्वच्छ काचेच्या बरणीत भरपूर पाण्यात कालवून ठेवावी. तासाभराने तळाशी वाळूचा थर बसला, तर वैरण जमिनीवर टाकणे त्याच दिवशी बंद करावे.