परतीचं विमान रद्द झालं, तर पुढचं कधी?

प्रश्न : ताई, तीन महिन्यांपूर्वी मी नव्या नोकरीला लागलो. कारखान्यांना लागणारे कॉम्प्रेसर विकतो. महिन्यातून आठ-दहा वेळा विमानाने जावं लागतं. बहुतेक अहमदाबाद, हैदराबाद, चंदीगड. भाड्याची मर्यादा सांभाळली की कुठल्या विमानाने जायचं ते कंपनी माझ्यावर सोडते. ऑफिसात एक जण म्हणतो, सगळ्यात स्वस्त असेल ते घे. दुसरा म्हणतो, एकच कंपनी धर आणि पॉइंट्स साठव. तिसरा जेवण आणि पायांना जागा एवढंच बघतो. घरी आई एकटी असते. मी परत येईपर्यंत ती जागी राहते. तुम्ही इतकी वर्षं फिरताय, तर नेमकं काय बघायचं?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तुमच्या पत्रातलं आईबद्दलचं वाक्य मी दोनदा वाचलं, आणि उत्तर तिथूनच द्यावंसं वाटलं. मी एकोणीस वर्षं औषधांच्या गोळ्या पाकिटबंद करणारी यंत्रं दुरुस्त करत फिरतेय. बद्दी, पीथमपूर, हैदराबाद, विशाखापट्टणमजवळचं परवाडा, कधी सिक्कीम. तिकीट काढताना मी भाडं नंतर बघते. आधी हे मोजते की त्या मार्गावर, माझ्या विमानानंतर, त्याच कंपनीची त्याच दिवशी आणखी किती विमानं आहेत.

डोंबिवलीकराला हे वेगळं समजवायला नको. एक लोकल सुटली तर मागून दुसरी येते, या भरवशावर आपलं घर चालतं. कसाऱ्याला राहणाऱ्याला तसं करून चालत नाही, तो घड्याळाला बांधलेला असतो. विमान कंपन्यांतही हाच फरक आहे. एखादीची मुंबई-दिल्ली दिवसभर जा-ये चालू असते आणि तिचंच दुसऱ्या एखाद्या शहराला दिवसातून एकच विमान असतं. म्हणजे कंपनी एकदाच निवडून मोकळं होता येत नाही. प्रत्येक मार्गाला नव्याने बघावं लागतं.

हे मी कसं शिकले ते सांगते. जानेवारीतला शुक्रवार होता. बद्दीचं काम तीनला उरकलं आणि मी चंदीगड विमानतळावर आले. दुसऱ्या दिवशी सकाळी गोरेगावला घरी बाबांचं वर्षश्राद्ध होतं. दोन हजार रुपये वाचतात म्हणून मी अशा कंपनीचं तिकीट काढलं होतं जिचं मुंबईला दिवसातून एकच विमान होतं. धुकं उतरलं. समोरचा दिव्याचा खांबसुद्धा दिसेना. साडेआठला विमान रद्द झाल्याची घोषणा झाली. काउंटरवर विशीतला एक मुलगा होता, त्याच्या हातात पेनाने लिहिलेली यादी. माझ्या आधी तेवीस नावं. तो म्हणाला, मॅडम, रविवारी संध्याकाळची जागा देऊ शकतो. शेजारच्या दुसऱ्या कंपनीच्या काउंटरवरच्या प्रवाशांना मात्र शनिवारी सकाळच्या, नाहीतर दुपारच्या विमानात बसवत होते. त्यांचंही विमान त्याच धुक्याने रद्द झालं होतं.

मी टॅक्सी करून दिल्लीला निघाले. एरवी पाच तासांचा रस्ता, त्या रात्री नऊ लागले. पानिपतच्या पुढे ड्रायव्हर खिडकीबाहेर मान काढून रस्त्याची पांढरी पट्टी बघत गाडी चालवत होता. रात्रीची वेळ, अनोळखी गाडी, मी एकटी बाई. ती भीती मी घरी आजवर पूर्ण सांगितलेली नाही. दुपारी अडीचला घरी पोहोचले तेव्हा गुरुजी निघून गेले होते. भावाने माझं ताट झाकून ठेवलं होतं. बाबांचं वर्षश्राद्ध एकदाच येतं, आणि ते माझं दोन हजार रुपयांसाठी हुकलं.

नियम काय म्हणतात तेही माहीत असू द्या. डीजीसीए म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था. तिच्या नियमांप्रमाणे विमान रद्द झालं तर दुसरं विमान किंवा पैसे परत, यातलं एक कंपनीने द्यायलाच हवं. सहा तासांहून जास्त उशीर होणार असेल तरी तसंच. अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाला दोन तास उशीर झाला की खाणंपिणं द्यायचं. विमान ऐनवेळी रद्द झालं आणि दोष कंपनीचा असेल, तर उड्डाण किती वेळाचं आहे त्यानुसार ५,०००, ७,५०० किंवा १०,००० रुपये, किंवा मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यांत जे कमी असेल ती भरपाई. हे हक्काने मागा. काउंटरवर ऐकलं नाही तर सरकारच्या एअरसेवा ॲपवर तक्रार करा. पण धुकं, वादळ ही कारणं कंपनीच्या हाताबाहेरची धरतात, तिथे भरपाई मिळत नाही. आणि मिळाली तरी त्या रात्री घरी नेणारं विमान त्यातून उभं राहत नाही. म्हणून फेऱ्या मोजा.

दुसरी गोष्ट वेळेची. एकच विमान दिवसभर चार-पाच शहरं फिरतं. सकाळी कुठेतरी चाळीस मिनिटं गेली की ती साठत साठत तुमच्या रात्रीच्या विमानापर्यंत येतात. त्यात आपल्या मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदून जातात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. पावसाळ्यात तर आकाशात घिरट्या ठरलेल्याच. तेव्हा काम महत्त्वाचं असेल तर पहाटेचं पहिलं विमान घ्या, आणि परतीला शेवटच्याच्या आधीचं. शेवटचं मोकळं ठेवायचं, ती आपली राखीव गाडी. कुठली कंपनी वेळेवर सुटते यासाठी ऑफिसातल्या गप्पांवर जाऊ नका. डीजीसीए दर महिन्याला मुंबई, दिल्ली, बंगळूर, हैदराबादसारख्या विमानतळांवरचे कंपनीवार आकडे प्रसिद्ध करतं. पंधरा मिनिटांच्या आत सुटलं तर ते वेळेवर धरतात. दहा हजार प्रवाशांमागे किती तक्रारी आल्या, तेही त्यातच असतं. मी दर तिमाहीला एकदा चाळते.

आणि विमान कुठून सुटतं ते तिकीट काढतानाच बघा. मुंबईची टर्मिनल एक आणि दोन एकमेकांच्या शेजारी नाहीत. चुकीच्या ठिकाणी उतरलात तर गर्दीच्या वेळी रडकुंडीला याल. दिवसाचं विमान असेल तर तुम्हाला घाटकोपरहून मेट्रोने मरोळ नाका आणि तिथे मेट्रो तीन बदलून टी-टू, पुढचंच स्टेशन. टी-वन त्याच मार्गावर तिसरं. पहाटेच्या विमानाला मेट्रोचा उपयोग नाही, तेव्हा टॅक्सीचं भाडंही तिकिटात मिळवून बघा. २५ डिसेंबर २०२५पासून नवी मुंबईहूनही विमानं सुटताहेत. शिळफाट्यावरून जाणाऱ्या तुमच्यासारख्याला पहाटे ते सोयीचं पडेल, फक्त तिथूनही फेऱ्या मोजायच्याच.

आता माणसांबद्दल, कारण मला कंपनीची खरी ओळख तिथे पटते. माझ्या हत्यारांच्या पिशवीत टॉर्क रेंच, ॲलन की, पान्यांचा संच असतो. विमानतळावर तपासणी करणारं सीआयएसएफ हे सुरक्षा दल ती आत नेऊ देत नाही, त्यामुळे ती सामानात टाकावीच लागते. एकदा हैदराबादला विमान बदलून विशाखापट्टणमला उतरले आणि पिशवी मागेच राहिली. पण मी पट्ट्याजवळ पोहोचायच्या आत एक मुलगी माझं नाव लिहिलेला कागद धरून उभी होती. तिने पिशवी हैदराबादला असल्याचं स्वतःहून सांगितलं, फॉर्म स्वतः भरला, आपला मोबाइल नंबर दिला. रात्री साडेनऊला पिशवी परवाड्याच्या कारखान्याच्या गेटवर आली. चूक त्यांचीच होती, आणि पॅकिंगची लाइन दिवसभर बंद राहिली. तरी त्या मार्गाला मी आजही तीच कंपनी घेते. चंदीगडच्या त्या मुलाचाही मला राग नाही. त्याच्या हातात द्यायला काहीच ठेवलेलं नव्हतं. मात्र तेव्हापासून हत्यारं बरोबर असली की मी विमान बदलायचं तिकीट काढत नाही. थेट असेल तेच. तुमच्याकडे नमुने किंवा मोजमापाची उपकरणं असतील तर तुम्हीही तसंच करा.

तिकीट कंपनीच्या स्वतःच्या ॲपवरून काढा. बाहेरून काढलेलं असलं की अडचणीच्या वेळी काउंटरवाले एजंटकडे बोट दाखवतात आणि एजंटचा फोन लागत नाही. बुकिंग करतानाच ऑफिसचा जीएसटी नंबर घाला. इकॉनॉमीच्या तिकिटावर पाच टक्के कर असतो, त्याची वजावट तुमच्या कंपनीला मिळते; नंबर राहिला की अकाउंट्सवाले महिनाभर मागे लागतात.

पॉइंट्स जरूर घ्या, पण त्यांच्यासाठी विमान निवडू नका. कंपन्या कायम राहतातच असं नाही. जेट एअरवेजचं शेवटचं उड्डाण १७ एप्रिल २०१९ला झालं. १२ नोव्हेंबर २०२४ला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली. पॉइंट्स मिळाले की वापरून टाका. आईंना एकदा कुठेतरी घेऊन जा.

जागेचं म्हणाल तर पुढच्या सात-आठ ओळींतली, मधल्या वाटेकडची. चारशे रुपये जास्त गेले तरी उतरताना पंधरा मिनिटं वाचतात आणि डोंबिवलीला जायची एक गाडी आधी मिळते. जेवण मी घरून नेते. पोळी-भाजीची गुंडाळी कुठल्याही ट्रॉलीतल्या सँडविचपेक्षा बरी.

राहिल्या आई. त्यांना उतरायची वेळ सांगू नका. ती पुढे सरकली की त्या घाबरतात. फ्लाइट नंबर द्या. माझी आई अठ्ठ्याहत्तरची आहे. भाचीने तिला फोनवर नकाशात विमान बघायला शिकवलंय. ते ठाण्याच्या खाडीवर आलं की आई उठते आणि तांदूळ धुवायला घेते.