टँकरचं पाणी कोणाच्या वाट्याला?

प्रश्न : टँकर गावच्या विहिरीत रिकामा होतो, दलित वस्तीला पाणी उरत नाही. नववीच्या मुलांना प्रकल्पात हे कसं मोजायला लावू? – शिक्षिका, बीड जिल्हा

उत्तर : बाई, ‘पाणी कमी पडतं’ असं नुसतं लिहून घेऊ नका, लिटर मोजा. टँकरचं प्रमाण माणशी रोज 20 लिटर. म्हणजे 300 जणांच्या वस्तीला 6,000. आठवडाभर घरोघर हंडे मोजावेत, पण आधी लिटरच्या बाटलीनं हंड्याचं माप काढून (दोन घरचे हंडे सारखे नसतातच). पाणी कोण आणतं, किती वेळ जातो, हेही नोंदवा. मुलं आपल्याच गल्लीत फिरतात आणि प्रकल्प तिथंच फसतो. विहिरीत ओतलेलं पाणी ज्याचे पोहरे जास्त त्याचं. म्हणून वस्तीत वेगळी टाकी मागा. खेपांची नोंद माहिती अधिकारात 10 रुपयांच्या अर्जावर मागता येते, उत्तराची मुदत 30 दिवस. जातीवरून पाणवठ्यावर अडवणं मात्र अॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा. ते मुलांवर सोपवू नका.